जुन्या आर्केड मशीनचा पॉवर सप्लाय बदलताना : काढायचं काय, ठेवायचं काय

१९७८चा स्पेस इनव्हेडर्स, १९८०चा पॅक-मॅन, १९८१चे सेंटीपीड आणि डिफेंडर. या पिढीचं मशीन बंद अवस्थेत घरी आलं की बहुतेक लोक आधी गेमच्या बोर्डावर संशय घेतात. माझा सल्ला उलटा आहे. आधी कॅबिनेटच्या तळाशी बसलेल्या पॉवर सप्लायकडे जा. चाळीस वर्षं तापून-थंडावून त्याचे कपॅसिटर सुकलेले असतात, फ्यूजच्या पकडी सैल झालेल्या असतात, कनेक्टरच्या पिना काळ्या पडलेल्या असतात. बोर्ड अनेकदा ठणठणीत असतो, त्याला फक्त धड ५ वोल्ट मिळत नसतात.

मग बाजारातून नवा एसएमपीएस (स्विच मोड पॉवर सप्लाय, म्हणजे आजकालचा हलका पॉवर सप्लायचा डबा) आणून जोडला की झालं, असं वाटतं. इथेच मशीनं मरतात. जुना सप्लाय एकच काम करत नव्हता, आणि त्याची सगळी कामं नवा डबा उचलत नाही. त्यामुळे जोडणीपेक्षा जास्त वेळ या लेखात मी आधीच्या तपासणीला देणार आहे.

जुना सप्लाय कोणकोणती कामं करतो

मशीनचं मॅन्युअल मिळवा. अटारी, विल्यम्स, मिडवे यांच्या बहुतेक मशीनची स्कॅन केलेली मॅन्युअल्स आणि सर्किट डायग्राम इंटरनेटवर मोफत मिळतात. त्यातलं पॉवर सप्लायचं पान छापून घ्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वायरीपुढे ती कुठे जाते ते लिहा. साधारणपणे ही कामं सापडतील.

लॉजिकसाठी +५ वोल्ट. हा सगळ्यात जास्त करंटचा भाग. मग +१२ वोल्ट, जे आवाजाला आणि काही मेमरी चिपना लागतात. −५ वोल्ट, ज्याचा करंट अगदी थोडा पण महत्त्व फार मोठं. नाण्याच्या दारातल्या दिव्यांसाठी ६.३ वोल्ट एसी. मॉनिटरसाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून, म्हणजे मॉनिटरला मेन्सपासून विजेच्या दृष्टीने वेगळं ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून, १२० किंवा १०० वोल्ट एसी. वरच्या नावाच्या काचेमागच्या ट्यूबसाठी थेट मेन्स. आणि काही मशीनमध्ये आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा सप्लायच्याच बोर्डावर असतो.

आर्केडसाठी मिळणारा नवा एसएमपीएस यातली पहिली तीनच कामं करतो. बाकी सगळं जुन्या ट्रान्सफॉर्मरकडेच राहिलं पाहिजे. म्हणून ‘जुना सप्लाय काढून टाकला’ हे वाक्य ऐकलं की मी पहिल्यांदा विचारतो, मॉनिटर कशावर चालवताय?

त्या काळातल्या बऱ्याच रंगीत मॉनिटरची, म्हणजे इलेक्ट्रोहोम जी०७ किंवा वेल्स-गार्डनर के४६०० यांसारख्यांची, चासी (सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा) मेन्सपासून वेगळी केलेली नसते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर काढून त्यांना सरळ मेन्स दिला तर चासीवर मेन्स येतो, गेमच्या बोर्डाशी ग्राउंड जुळल्याक्षणी काहीतरी जळतं, आणि हात लावणाऱ्याचा जीवही जाऊ शकतो. निन्टेंडोच्या डाँकी काँगमधले सॅन्यो मॉनिटर तर १०० वोल्टवर चालतात. तो ट्रान्सफॉर्मर अवजड दिसतो, जुनाट वाटतो, पण तो सहसा बिघडतही नाही. त्याला हात लावू नका.

बदलायचा की दुरुस्त करायचा

माझं मत स्पष्ट आहे. मशीन मूळ स्थितीत असेल आणि सप्लायचे भाग मिळत असतील तर दुरुस्ती करा. कपॅसिटर, ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग), रेग्युलेटर (वोल्टेज स्थिर ठेवणारा भाग) आणि कनेक्टर बदलले की जुना लिनियर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटरवर चालणारा, सप्लाय पुढची अनेक वर्षं चालतो. त्याला लागणारा २एन३०५५ ट्रान्झिस्टर आजही सहज मिळतो. सप्लाय गायब असेल, बोर्ड कोळसा झाला असेल किंवा आधीच कुणीतरी वायरी तोडून वेगळा गेम बसवला असेल, तर एसएमपीएस हा चांगला पर्याय आहे. १९८५च्या जामा मानकानंतरच्या (कुठलाही गेम बोर्ड एकाच प्रकारच्या कनेक्टरला बसावा म्हणून ठरलेल्या जोडणीच्या मानकानंतरच्या) कॅबिनेटमध्ये तर पहिल्यापासून बहुधा एसएमपीएसच होते. तिथे जुना काढून नवा बसवणं हीच दुरुस्ती. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमधून उरलेली मशीनंही बहुतांशी याच प्रकारची.

वेक्टर मॉनिटरची (थेट रेषा ओढून चित्र काढणाऱ्या मॉनिटरची) मशीनं, म्हणजे १९७९चा अ‍ॅस्टेरॉइड्स, १९८१चा टेम्पेस्ट, १९८३चा स्टार वॉर्स, यांच्या मॉनिटरला मूळ ट्रान्सफॉर्मरकडूनच कमी वोल्टचा एसी मिळतो. तिथे पूर्ण बदलण्याचा विचारच करू नका. फार तर ५ वोल्टचा भाग वेगळा करा.

काहीही ठरवलं तरी एक नियम पाळा : मूळ वायर कापायची नाही. मूळ कनेक्टरला बसणारा जोडीदार कनेक्टर घेऊन त्यावर नव्या वायरी लावा. उद्या कुणाला मशीन पूर्ववत करायचं असेल तर ते दहा मिनिटांत करता आलं पाहिजे.

जिवाची काळजी

प्लग भिंतीतून काढलेला हवा. मशीनचं बटण बंद केलंय एवढं पुरत नाही. मागच्या दाराच्या आत इंटरलॉक स्विच असतो. दार उघडलं की तो मेन्स तोडतो, पण त्याची दांडी बाहेर ओढली की दार उघडं असतानाही मशीन चालू होतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. मॉनिटरच्या ट्यूबवर हजारो वोल्ट साठलेले असू शकतात. या कामात मॉनिटरला हात लावायची गरजच नाही, तेव्हा त्यापासून लांब राहा. एसएमपीएसच्या डब्याच्या आतही मेन्स बाजूच्या कपॅसिटरवर ३०० वोल्टच्या वर डीसी असतो. तो डबा उघडू नका.

अटारीच्या सप्लायमधला मोठा निळा कपॅसिटर झटका देत नाही, पण त्याची टोकं पान्याने जुळवली तर जोरात ठिणगी उडते. १०० ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर काही सेकंद टोकांना लावून तो रिकामा करा.

परदेशातून मशीन आणलेल्यांसाठी एक मोठा धोका. अमेरिकी वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आपल्या जुन्या घरगुती वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल. सवयीने काळ्या वायरीला न्यूट्रल समजलात तर फ्यूज आणि स्विच दोन्ही न्यूट्रलवर पडतील आणि बंद मशीनमध्येही फेज जिवंत राहील. रंगावर जाऊ नका. प्लगच्या पिनेपासून फ्यूजपर्यंत मल्टीमीटरने कंटिन्युइटी बघा. फेज आधी फ्यूजमधून, मग स्विचमधून गेली पाहिजे. तिसरी अर्थची पिन तोडलेली असेल तर पूर्ण वायर बदला, आणि घरच्या सॉकेटमध्ये खरोखर अर्थिंग आहे का तेही तपासा.

११५ वोल्टच्या मशीनला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. एका मशीनला ५०० व्हीएचा पुरेसा होतो. अटारीच्या काही ट्रान्सफॉर्मरवर वेगवेगळ्या वोल्टेजसाठी रंगीत प्लग असतात. त्यावरचं लेबल वाचून योग्य प्लग लावला तर स्टेप-डाऊनची गरज उरत नाही, पण ट्यूबलाइटचा चोक आणि मॉनिटर त्या वोल्टेजला चालतात का ते आधी बघा. शिवाय ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जरा जास्त तापतो. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लग काढून त्याला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल तर थांबा.

नवा सप्लाय निवडताना

आर्केडसाठीच बनवलेला एसएमपीएस मिळाला तर उत्तम. त्यावर +५, +१२, −५, ग्राउंड आणि मेन्स अशी स्क्रूची टर्मिनलं असतात, आणि ५ वोल्ट कमी-जास्त करायला छोटा पॉट (फिरवायचा बारीक रेझिस्टर) असतो. ५ वोल्टवर १० ते १५ अँपिअर देणारा सप्लाय जवळजवळ कुठल्याही एका बोर्डाला पुरतो.

मीन वेलची आरटी मालिका मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत विचारून बघा. घेताना शेवटचं अक्षर नीट वाचा. आरटी-६५ए मध्ये तिसरं आउटपुट −५ वोल्ट आहे, आरटी-६५बी मध्ये −१२ वोल्ट. डबे दिसायला सारखेच असतात आणि दुकानदार ‘एकच आहे, घ्या’ म्हणू शकतो. चुकीचा घेतलात तर −५च्या जागी −१२ जाईल.

एलईडी बोर्डांसाठी मिळणारा ५ वोल्टचा जाळीदार एसएमपीएस स्वस्त असतो, पण तो एकच वोल्टेज देतो. फक्त ५ वोल्टचा भाग बदलायचा असेल तिथे तो चालतो. कॉम्प्युटरचा एटीएक्स सप्लाय मात्र मी वापरत नाही. आजच्या एटीएक्समध्ये −५ वोल्ट नसतात, आणि ५ वोल्ट थोडे वाढवायची सोय नसते. ती सोय का लागते ते पुढे येईल.

टेबलावरची परीक्षा

नवा सप्लाय थेट मशीनला लावू नका. आधी त्याच्या अंगावरची ११५/२३० ची सरकपट्टी बघा. घरच्या २३० वोल्टवर लावताना ती ११५ वर राहिली तर सप्लाय पहिल्याच क्षणी फुटतो. आणि तो कॅबिनेटच्या आत, स्टेप-डाऊनच्या पुढे जोडणार असाल तर पट्टी ११५ वरच हवी. म्हणजे टेबलावर एक स्थिती आणि मशीनमध्ये दुसरी असू शकते. पट्टीवर चिकटपट्टी लावून स्थिती लिहून ठेवा.

काही सप्लाय मोकळे चालवले तर वोल्टेज स्थिर देत नाहीत, म्हणून थोडं ओझं द्या. +५ आणि ग्राउंडमध्ये २.२ ओहम, २५ वॉटचा रेझिस्टर लावला की सव्वादोन अँपिअरच्या आसपास करंट जातो. +१२ ला २२ ओहम, १० वॉट. −५ ला १०० ओहम, १ वॉट. पहिले दोन चांगलेच तापतात, त्यामुळे फरशीवर ठेवा, लाकडी टेबलावर नको. पाच मिनिटं चालवून तिन्ही वोल्टेज मोजा. मग मीटर एसी मिलिवोल्टवर लावून ५ वोल्टच्या टर्मिनलवर पुन्हा मोजा. ५० मिलिवोल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो सप्लाय परत करा. शेवटी ५ वोल्टचा पॉट फिरवून ४.९ वर आणून ठेवा. सुरुवात खालून करायची.

जोडणी

सप्लाय कॅबिनेटच्या तळाच्या लाकडावर, हवा खेळेल अशा जागी, मॉनिटरच्या ट्यूबच्या मानेपासून दूर बसवा. मेन्सच्या टर्मिनलवर प्लास्टिकचं झाकण हवंच. नाणी काढताना लहान मुलाचा हात तिथे पोचू शकतो. मेन्स मशीनच्या फ्यूज आणि स्विचच्या पुढून घ्या, म्हणजे एकाच बटणाने सगळं बंद होईल. अर्थची वायर सप्लायच्या अर्थ टर्मिनलला, कंट्रोल पॅनलच्या पत्र्याला आणि नाण्याच्या दाराला पोचली पाहिजे. वायरीच्या टोकांना थिंबल (धातूच्या छोट्या टोप्या) क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा. नुसत्या उघड्या तारा पिळून स्क्रूखाली दाबल्या तर काही महिन्यांत सैल होतात.

५ वोल्ट आणि ग्राउंडसाठी १ चौरस मिलिमीटरची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर, आणि ती एक नाही, दोन-दोन समांतर. कारण साधं आहे. कनेक्टर आणि वायर मिळून ०.१ ओहमचा अडथळा असेल आणि ५ अँपिअर जात असतील, तर ०.५ वोल्ट वाटेतच गळतात. सप्लायवर ५.० असताना बोर्डाला ४.५ मिळतात. टीटीएल चिपना (बोर्डावरच्या त्या काळच्या लॉजिक चिपना) ४.७५ ते ५.२५ लागतात, म्हणजे गेम चालणारच नाही. आणि ते अडीच वॉट कनेक्टरच्या पिनेत उष्णता बनून तिला जाळत राहतात. जुन्या मशीनचे जळके कनेक्टर याच कारणाने जळके आहेत. नवा सप्लाय जुन्या जळक्या कनेक्टरला जोडणं म्हणजे फुटक्या पाइपला नवी टाकी लावणं. ३.९६ मिलिमीटर अंतराची नवी हाउसिंग घ्या, पिनेला तीन बाजूंनी पकडणारे ट्रायफरकॉन प्रकारचे टर्मिनल क्रिम्प करा, आणि बोर्डावरच्या पिनांची मागची सोल्डरिंग पुन्हा गरम करून ताजी करा. या पिनांच्या मुळाशी गोल तडा गेलेला असतो. तो भिंगाशिवाय दिसत नाही.

जामा बोर्डाची जोडणी लक्षात ठेवायला सोपी आहे. दोन्ही बाजू मिळून ५६ संपर्क. भागांच्या बाजूला आकडे, सोल्डरच्या बाजूला अक्षरं. १, २, ए, बी ग्राउंड. ३, ४, सी, डी +५. ५ आणि ई −५. ६ आणि एफ +१२. टोकाचे २७, २८ आणि त्यांच्या मागचे दोन पुन्हा ग्राउंड. ७ आणि एच या जागी खाच असते. कनेक्टर उलटा बसू नये म्हणून तिथे प्लास्टिकची किल्ली लावा. बऱ्याच मशीनमध्ये ती हरवलेली असते. उलटा बसलेला जामा कनेक्टर बोर्ड जाळतो.

जुन्या सप्लायचा काही भाग, उदाहरणार्थ आवाजाचा, ठेवलात तर दोन गोष्टी बघा. जुन्याचा ५ वोल्टचा आउटपुट पूर्ण तोडलेला हवा, नाहीतर दोन सप्लाय एकमेकांशी भांडतील. आणि दोघांचं डीसी ग्राउंड एकत्र जोडलेलं हवं, नाहीतर स्पीकरमधून फक्त घरघर येईल.

पहिल्यांदा चालू करताना

आधी गेमचा बोर्ड न जोडता. कनेक्टरच्या टोकावर, प्रत्येक पिनेवर, काय येतंय ते मोजा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. मग प्लग काढा. बोर्डाच्या +५ आणि ग्राउंडमधला ओहम मोजा. शून्याजवळ असेल तर बोर्डातच शॉर्ट आहे, तो आधी शोधा. नसेल तर बोर्ड जोडा आणि चालू करा.

आता मोजायचं बोर्डावर, सप्लायवर नाही. बहुतेक १४ पायांच्या ७४ मालिकेच्या चिपमध्ये ७ ग्राउंड आणि १४ +५ असतो, १६ पायांच्यात ८ आणि १६. २७१६ किंवा २७३२ ईप्रॉममध्ये (गेमचा प्रोग्राम साठवणाऱ्या चिपमध्ये) १२ आणि २४. कनेक्टरपासून सगळ्यात लांबची चिप निवडा. तिथे ५.०० ते ५.०५ येईपर्यंत पॉट अगदी हळू फिरवा. एटीएक्समध्ये नसलेली सोय ती हीच. त्या वेळी सप्लायच्या टर्मिनलवर ५.२ च्या वर जावं लागत असेल तर पॉट तिथेच थांबवा आणि वायर-कनेक्टरकडे वळा. वोल्टेज वाढवून खराब कनेक्टर झाकणं हे या मशीनवर होणारं सगळ्यात सर्रास नुकसान आहे. एखाद्या दिवशी कुणी कनेक्टर साफ करतो, अडथळा नाहीसा होतो, आणि पूर्ण वाढवलेलं वोल्टेज चिपवर येतं.

तीन कंपन्या, तीन सवयी

विल्यम्सच्या डिफेंडर, रोबोट्रॉन यांच्या बोर्डांवर ४११६ मेमरी चिप आहेत. तिला +१२, +५ आणि −५ तिन्ही लागतात. −५ आधी यावेत आणि शेवटी जावेत. +१२ असताना −५ गेले तर चिप जळते, आणि अशा चोवीस चिप एका मशीनमध्ये असतात. म्हणून इथे −५ची वायर सगळ्यात काळजीने लावा आणि चिपच्या पायांवर मोजा : पाय १ ला −५, ८ ला +१२, ९ ला +५, १६ ला ग्राउंड. हे मोजमाप पहिल्यांदा चालू केल्यावर लगेच घ्या. स्पेस इनव्हेडर्सच्या ८०८० प्रोसेसरलाही हीच तीन वोल्टेज लागतात. विल्यम्सच्या बोर्डावर तीन पेन्सिल सेलही असतात. ते गळालेले असतील तर सप्लायच्या आधी ती सफाई करा.

अटारीच्या मशीनमध्ये दोन भाग असतात. खाली ट्रान्सफॉर्मर आणि मोठा कपॅसिटर असलेली वीट, आणि वर एआर नावाचा बोर्ड, ज्यावर ५ वोल्टचा रेग्युलेटर आणि आवाजाचे अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असतात. एआर बोर्ड सेन्सच्या दोन वेगळ्या वायरींनी गेमच्या बोर्डावरचं वोल्टेज पाहतो आणि कमी दिसलं की आपलं आउटपुट वाढवतो. कल्पना सुंदर आहे, पण कनेक्टर मळला की बिचारा वाढवतच राहतो आणि सेन्सच्या वाटेतले छोटे रेझिस्टर काळे पडतात. अटारीत मी आधी कनेक्टर, मोठा कपॅसिटर आणि हे रेझिस्टर बदलतो. नवा सप्लाय लावायचाच असेल तर एआर बोर्ड आवाजासाठी जागेवर ठेवा.

मिडवेच्या पॅक-मॅनमध्ये वेगळीच गंमत. ट्रान्सफॉर्मर थेट एसी बोर्डाकडे पाठवतो आणि रेक्टिफायर-रेग्युलेटर गेमच्या बोर्डावरच आहेत. त्यामुळे सगळा करंट एज कनेक्टरमधून (बोर्डाच्या कडेवर बसणाऱ्या कनेक्टरमधून) एसी म्हणून जातो आणि बोर्डाची सोनेरी पट्टी जळते. इथे मी सप्लाय बदलत नाही. नवा एज कनेक्टर, बोर्डावरचे मोठे कपॅसिटर नवे, जळक्या पट्ट्यांची दुरुस्ती, आणि ट्रान्सफॉर्मर तसाच. एसएमपीएसचा डीसी त्या एसीच्या पिनांवर देऊ नका. रेक्टिफायरमध्येच वोल्ट-सव्वा वोल्ट गळून चिपपर्यंत पुरेसं पोचत नाही.

चालू झालं, पण…

चित्रावर जाड पट्टा हळूहळू वर सरकतोय : रिपल (डीसीत उरलेली एसीची लहर) आहे, बहुधा जुन्या बाजूचा एखादा कपॅसिटर, किंवा ग्राउंड कमी पडतंय. सप्लायमधून टिक-टिक येते आणि वोल्टेज उड्या मारतंय : शॉर्ट आहे किंवा ओझं जास्त आहे, लगेच बंद करा. गेम मधूनच रीसेट होतो, विशेषतः मोठा आवाज आला की : बोर्डावरचं ५ वोल्ट खेळताना मोजा. पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी : आधी −५ बघा, मग मेमरी. चित्रात बारीक तिरप्या रेषा : सप्लाय मॉनिटरच्या जवळ आहे, तो सरकवा आणि व्हिडिओच्या वायरी त्याच्यापासून वेगळ्या बांधा.

सगळं नीट चाललं की सप्लायच्या शेजारी लाकडावर कागद चिकटवा : तारीख, बोर्डावर मोजलेली तिन्ही वोल्टेज, सरकपट्टीची स्थिती, कुठली वायर कुठे. आठवड्याभराच्या खेळानंतर पुन्हा मोजा आणि प्लग काढून स्क्रू एकदा आवळा, कारण गरम-थंड होताना थिंबल थोडी बसतात. काढलेला जुना सप्लाय त्याच्या कनेक्टरसकट खोक्यात भरून, मशीनचं नाव लिहून, शक्य असेल तर त्याच कॅबिनेटच्या तळाशी ठेवा.